माहेरची माणसं गोव्यात येतात तेव्हा हॉटेल कसं शोधायचं?

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं, सासर डिचोलीचं. यंदा नाताळच्या सुट्टीत धाकटा भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं (वय १३ आणि ७) आणि आई-बाबा गोव्यात येणार आहेत. आमचं घर लहान आहे, शिवाय मुलांना समुद्राजवळच्या, पूल असलेल्या हॉटेलातच राहायचंय. भाऊ म्हणतो, ‘ताई, तू तिथलीच आहेस, तुला स्वस्तात मिळेल.’ २५ ते २९ डिसेंबर अशा चार रात्री आणि राहण्यासाठी चाळीस हजार रुपये, असं त्याने सांगितलंय. चवथ झाल्यापासून मी मोबाईलवर शोधतेय. सकाळी एक भाव, रात्री दुसराच. ‘फक्त १ खोली शिल्लक’ असं वाचलं की छातीत धडधडतं. इतकी वर्षं गोव्यात राहूनही इथल्या हॉटेलात मी एक रात्रसुद्धा काढलेली नाही. भावाला नाही म्हणवत नाही आणि शेवटी वरचे पैसे आम्हालाच घालावे लागतील अशी भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी तुमच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवू या. गोव्यात राहणाऱ्याला हॉटेल स्वस्त मिळतं हा साताऱ्यात बसून केलेला समज आहे. खोलीच्या भावात ‘लोकल’ सवलत सहसा नसते. उलट काही हॉटेलं गोव्याचं ओळखपत्र पाहिलं की खोली द्यायलाच कां-कूं करतात. तेव्हा बुकिंग भावाच्या नावानेच करा आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. तुमच्या हातात मात्र एक गोष्ट आहे जी साताऱ्याहून त्याला करता येणार नाही. तुम्ही एखाद्या दुपारी स्कूटर काढून ती खोली डोळ्यांनी बघून येऊ शकता. तिचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगते, पण त्याआधी तारखांचं बोलायला हवं, कारण खरी अडचण तिथेच आहे.

हिशोब मांडून बघा. सहा माणसांना दोन खोल्या लागतील. चार रात्री म्हणजे आठ भाडी. चाळीस हजाराला आठाने भागलं की एका खोलीला एका रात्रीचे पाच हजार, तेही कर धरून. वर्षातले बरेच दिवस या पैशात कांदोळीला, कोलव्याला, मिरामारला चांगली, स्वच्छ, नाश्त्यासह खोली शोधता येते. पण साधारण २० डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंतचा काळ गोव्यात सगळ्यात महाग. तीच खोली, तोच पलंग आणि भाव दुप्पट, कधी तिप्पट. त्यातही मोठी रिसॉर्ट्स ‘किमान तीन किंवा चार रात्री’ अशी अट घालतात आणि २४ व ३१ डिसेंबरच्या रात्रीचं ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात. त्याचे पैसे माणशी, खोलीच्या भाड्याशिवाय वेगळे. बुकिंगच्या साइटवर खोली निवडताना ही ओळ तळाशी बारीक अक्षरात असते. भावाने २५ तारीख धरलीय म्हणजे २४ चं जेवण टळलं, पण भाव तेच राहणार.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की भाव घासत बसण्याआधी तारीख हलते का ते बघा. भाऊ म्हणेल, मुलांच्या शाळेचं काय? तर दिवाळीची सुट्टी अजून पुढे आहे. पाडवा-भाऊबीजेचा आठवडा गोव्यात तुडुंब असतो, गुजरात आणि महाराष्ट्रातून गाड्यांची रांग लागते. पण तो ओसरला आणि शाळा उघडायला चार-पाच दिवस उरले की भाव खाली येतात. तोवर पाऊस सरलेला असतो, किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा खानावळी, उभे राहायला लागलेले असतात. फक्त २० नोव्हेंबरच्या आसपास पणजीच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि शहरातली हॉटेलं भरलेली असतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, तेही लक्षात ठेवा. ते आटोपल्यापासून पुढचे दोन आठवडे फार छान. हवा गार, समुद्र शांत आणि नाताळची गर्दी अजून आलेली नसते. मुलांची चार दिवसांची शाळा बुडवायला वहिनी तयार असतील तर हेच दिवस घ्या. आणि कोणत्याही महिन्यात यायचं असलं तरी रविवारी दुपारी येऊन गुरुवारी निघायचं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत शुक्रवार-शनिवारचे भाव चढे असतात. जोडून सुट्टी आली की विचारायलाच नको.

तारीख हलणारच नाही असं ठरलं, तर चाळीस हजारांत चार रात्री, दोन खोल्या, पूल आणि समुद्र हे सगळं एकत्र जमवण्याचा हट्ट सोडावा लागेल. यातलं काय सोडायचं ते भावाने ठरवावं. चारऐवजी दोन रात्री हॉटेलात काढता येतील. किंवा समुद्रापासून थोडं आत राहता येईल. किंवा आई-बाबा तुमच्याकडे डिचोलीला राहतील आणि भावाच्या कुटुंबाला एकच मोठी खोली घेता येईल. मला हा तिसरा मार्ग बरा वाटतो, पण आई-बाबांना आधी विचारा. त्यांनाही समुद्राची गाज ऐकत झोपायचं असेल आणि भिडेपोटी ते बोलणार नाहीत.

आता जागेचं. बागा आणि कळंगुटच्या भर वस्तीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावर चालायला जागा नसते आणि रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. त्यापेक्षा कांदोळी बरी. तिथे एक साधी गोष्ट भाव ठरवते. आग्वादकडे जाणारा मुख्य रस्ता समुद्राला समांतर आहे. त्याच्या पश्चिमेची, म्हणजे समुद्राकडची हॉटेलं महाग आणि पूर्वेची बरीच स्वस्त. चालण्यात फरक पाच-दहा मिनिटांचा असतो. आईच्या गुडघ्यांना तेवढं झेपणार असेल तर पूर्वेकडचीच बघा. मोरजी, आश्वे, मांद्रे हा पट्टा सुंदर आहे, पण तिथे खाणंपिणं महाग आणि दुकानं लांब. हरमल-केरीला साधी गेस्ट हाऊस स्वस्त मिळतात, पूल मात्र क्वचित. दक्षिणेत कोलवा, बाणावली, वार्का हे किनारे लांबरुंद आणि मुलांना मोकळे. कोलव्याला मध्यम भावाची पुष्कळ हॉटेलं आहेत. पण डिचोलीहून कोलवा म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. तुम्हाला रोज संध्याकाळी भावाकडे जायचं असेल तर पेट्रोल आणि जीव दोन्ही खर्ची पडतील.

ते गाडीने येणार की रेल्वेने, यावरही जागा ठरते. साताऱ्याहून कोल्हापूर-आजरा-आंबोलीवरून स्वतःची गाडी घेऊन येणार असतील तर किनाऱ्याला चिकटून राहायची गरज नाही. काही किलोमीटर आत, नागवे, हडफडे, शिवोली या गावांत तेवढ्याच पैशात मोठी जागा मिळते. गाडी नसेल तर आत राहण्यात वाचवलेलं टॅक्सीत जातं. गोव्यात टॅक्सी महाग आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. हॉटेलचा भाव लिहिताना त्याच्या शेजारी रोजच्या येण्याजाण्याचा अंदाज लिहा, मग कोणतं स्वस्त ते आपोआप दिसेल.

सरकारी जागाही विसरू नका. गोवा पर्यटन विकास महामंडळाची रेसिडेन्सी हॉटेलं मिरामार, कळंगुट, कोलवा अशा मोक्याच्या ठिकाणी आहेत. थाटमाट नाही, पण जागा अशा की खासगी हॉटेलवाल्यांनी हेवा करावा. महामंडळाच्या स्वतःच्या साइटवरून बुकिंग होतं. आणखी एक विचारून बघा. बाबा बँकेतून, विमा कंपनीतून किंवा एखाद्या सरकारी उपक्रमातून निवृत्त झालेत का? अशा बऱ्याच संस्थांची गोव्यात हॉलिडे होम आहेत आणि निवृत्तांनाही ती नाममात्र भाड्यात मिळतात. अर्ज लवकर करावा लागतो, म्हणून आजच फोन करा. आई-बाबांना मंगेशी किंवा शांतादुर्गेचं दर्शन घ्यायचं असेल तर फोंड्याकडच्या देवळांच्या अग्रशाळांतही एखादी रात्र राहता येतं. तिथे मासळी आणि दारू चालत नाही, पण सकाळच्या पूजेला हजर राहायचं सुख त्यांना मोठं वाटेल.

आता त्या सकाळ-संध्याकाळ बदलणाऱ्या भावांकडे येऊ. हॉटेल जसं भरत जातं तसा भाव चढतो आणि खोल्या पडून राहिल्या की उतरतो. त्यात साइटवाल्यांच्या स्वतःच्या सवलती, बँकेच्या कार्डाच्या ऑफर, सभासदांचा भाव हे मिसळलेलं असतं. ‘फक्त १ खोली शिल्लक’ याचा अर्थ बऱ्याचदा त्या साइटच्या वाट्याला आलेल्यांपैकी एक, असा असतो. हॉटेलात दहा खोल्या रिकाम्या असू शकतात. खोटी घाई लावणं, शेवटच्या पानावर नवे आकार दाखवणं, न विचारता विमा किंवा देणगी बिलात टाकणं या पद्धतींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी घातली आहे. तरी पैसे भरण्याआधी प्रत्येक टिक केलेला चौकोन बघा आणि नको ते काढून टाका.

साइटचा उपयोग मी एवढाच सांगेन. दोन-तीन साइटवर हॉटेलं बघा, अलीकडच्या महिन्यांतले सगळ्यात वाईट अभिप्राय वाचा, चार-पाच नावं काढा. त्यातलं एक ‘मोफत रद्द करता येईल, पैसे हॉटेलात’ अशा अटीचं मिळालं तर ते भावाला लगेच धरून ठेवायला सांगा. म्हणजे तुमची धडधड थांबेल. रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर आणखी चांगलं मिळालं तर ते घ्या आणि हे सोडा. ‘नॉन-रिफंडेबल’ खोली थोडी स्वस्त दिसते, पण घरात म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं असताना तो धोका पत्करू नये.

आणि मग थेट हॉटेलला फोन. इथे खरी बचत आहे. साइटला हॉटेल साधारण १५ ते २५ टक्के कमिशन देतं, तेव्हा थेट येणाऱ्या गिऱ्हाइकाला काही सोडणं त्याला परवडतं. पूर्वी काही करारांत दुसरीकडे कमी भावात खोली विकायची नाही अशी अटच असायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या बुकिंग साइटवाल्यांना २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला आणि करारांतल्या अशा भाव-बरोबरीच्या अटी काढून टाकायला सांगितलं. तुम्ही फोनवर भाव विचारणं म्हणजे कुणाकडे हात पसरणं नाही, तो व्यवहार आहे.

असं बोला : ‘नमस्कार, डिचोलीहून बोलते. रविवार ते गुरुवार चार रात्री, दोन खोल्या हव्यात. चार मोठी माणसं, एक तेरा वर्षांचं मूल, एक सात वर्षांचं. साइटवर तुमचा भाव इतका दिसतोय. थेट तुमच्याकडून घेतलं तर नाश्ता, एक्स्ट्रा बेड आणि जीएसटी धरून चार रात्रींचे सगळे मिळून किती?’ मुलांची वयं आधीच सांगायची, कारण बहुतेक हॉटेलं पाच-सहा वर्षांपर्यंत पैसे घेत नाहीत आणि बारा वर्षांवरच्या मुलाला मोठं माणूस धरतात. तेरा वर्षांच्या मुलाच्या एक्स्ट्रा बेडवरून काउंटरवर वाद होतात ते इथेच टळतील. आकडा कळला की ‘घरी विचारून सांगते’ म्हणा, लगेच हो म्हणू नका. भाव कमी करायला तयार नसतील तर वस्तू मागा. सात वर्षांच्या मुलाची गादी फुकट द्या, नाश्ता धरा, दोन खोल्या शेजारी द्या, निघायच्या दिवशी दुपारपर्यंत थांबू द्या. हॉटेलवाल्याला पैसे सोडण्यापेक्षा हे सोडणं सोपं जातं. ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून घ्या.

कराचा आकडा नीट समजून घ्या, कारण मध्यम आणि महाग खोल्यांच्या सीमेवर तो मोठा फरक करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. मूळ भावात फरक दोनशेचा आणि खिशाला फरक बाराशेचा, तोही रोज, दर खोलीमागे. एक्स्ट्रा बेडचे पैसे मिळवून आकडा ७,५०० च्या पलीकडे जातो का, हेही विचारा. अशा महागड्या हॉटेलांच्या उपाहारगृहात जेवणावरही १८ टक्के लागू शकतो, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५. तेव्हा नाश्ता हॉटेलात आणि जेवण बाहेर. माशाची थाळी खायला आलेल्या माणसांना तेच आवडेल.

आता तुमची स्कूटर. दोन नावं उरली की दुपारी चारच्या सुमाराला जाऊन खोली दाखवायला सांगा. नुसती लॉबी बघून परत येऊ नका. लिफ्ट आहे का? गोव्यात दोन मजल्यांच्या कितीतरी हॉटेलांत ती नसते आणि आईसाठी हा पहिला प्रश्न आहे. नसेल तर तळमजल्याची खोली लिहून घ्या. दार उघडल्यावर ओलीचा वास येतो का? पावसाळ्यानंतर तो बऱ्याच खोल्यांत असतो आणि फोटोत दिसत नाही. खिडकीबाहेर झाडं आहेत की शेजारच्या भिंतीवरचे एसीचे डबे? पूलाचं पाणी स्वच्छ आहे का, सात वर्षांच्या मुलाला पाय टेकतील अशी बाजू आहे का, तो किती वाजता बंद होतो? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा? आणि त्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का, हे अवश्य विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गोव्यात बाहेरची लग्नं खूप लागतात. त्या दिवसांत पूल आणि बाग वऱ्हाडाची होते आणि बाकीचे पाहुणे खोलीत बसतात.

सहा माणसांसाठी दोन खोल्यांऐवजी दोन बेडरूमचा फ्लॅटही बघायला हरकत नाही. बाबांचं पथ्यपाणी असेल तर स्वयंपाकघराचा फार उपयोग होतो. वीजबिल वेगळं आहे का, डिपॉझिट किती, झाडलोट रोज होते का, एवढं विचारा. आणि गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याकडे केलेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या जागेला ही नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागितल्यावर जो चिडतो त्याच्या नादी लागू नका. नाताळच्या दिवसांत पूलसह व्हिला कवडीमोल भावात दाखवून आगाऊ पैसे उकळायचे आणि माणसं पोचल्यावर तिथे तसं घरच नसायचं, अशा तक्रारी गोव्यात वारंवार झाल्या आहेत. इंटरनेटवर सापडलेला फोन नंबर हॉटेलचाच असेल याची खात्री नसते. तुम्ही जाऊन पाटीवरचा नंबर टिपून आणा. आगाऊ रक्कम हॉटेलच्या नावाच्या खात्यातच भरायची, कुणा व्यक्तीच्या क्यूआर कोडवर नाही. तरी काही गडबड झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला भावाला सांगा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

शेवटी तुमची भीती. पदरचे पैसे घालावे लागतील असं तुम्हाला वाटतंय, कारण पैशाचं बोलणं अजून झालेलंच नाही. ते आधी करा आणि फोनवर न करता लिहून करा, म्हणजे भिडेने शब्द गिळले जाणार नाहीत. मी मसुदा देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या :

‘दादू, हॉटेलं बघितली. नाताळच्या आठवड्यात चाळीस हजारांत तू म्हणतोस तसं मिळत नाही, इथल्या लोकांनाही मिळत नाही. तीन पर्याय पाठवतेय. एक : दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी, रविवार ते गुरुवार, कांदोळीत दोन खोल्या, पूल, नाश्ता, सगळे कर धरून इतके. दोन : डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेच हॉटेल, इतके. तीन : नाताळातच, पण दोन रात्री आणि एक मोठी खोली, आई-बाबा आमच्याकडे, इतके. पहिल्या दोन पर्यायांतलं हॉटेल मी स्वतः जाऊन बघून आलेय. तुझं आणि वहिनीचं ठरलं की रविवारपर्यंत कळव, मी हॉटेलचा नंबर देते, पैसे तू त्यांच्या खात्यात भर. एका रात्रीचं जेवण सगळ्यांचं आमच्या घरी, ते माझ्याकडून.’

‘इतके’च्या जागी करासह पूर्ण रक्कम लिहा, दर रात्रीचा भाव लिहू नका. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर त्याला एकदा आठवण करा आणि तिसऱ्या पर्यायाची खोली रद्द करता येईल अशा अटीवर, त्याच्याच कार्डावरून, धरून ठेवायला सांगा.